दोघांनी शेजारी बसून चालवायची सायकल: तोलाचं सोडा, पीळ सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या छायाचित्रात दोघं शेजारीशेजारी बसून एकच दोनचाकी सायकल चालवताना दिसतात. दोन जुन्या लेडीज सायकली जोडून तशी बनवता येईल का? एकाचं वजन 80 किलो, दुसऱ्याचं 55, मग ती एका बाजूला पडणार नाही का? आणि मूळची जुनी कुठे मिळालीच, तर ओळखायची कशी?

आधी हे कोणतं वाहन ते पाहू. आपल्याकडे ‘डबलसीट’ म्हटलं की एक जण चालवतो आणि दुसरा कॅरिअरवर बसतो. टँडममध्ये दोघं एकामागे एक बसून दोघंही पायडल मारतात. शेजारी बसून चालवायच्या प्रकाराला इंग्रजीत ‘सोशेबल’ म्हणत. सुरुवातीच्या सोशेबल तीन किंवा चार चाकांच्या होत्या. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांची अशी एक गाडी होती. ते आणि त्यांचा मुलगा विल्यम शेजारी बसून ती चालवत, आणि मुलाचा जोर जास्त पडला की गाडी एका बाजूला ओढली जाई. त्यावर उपाय म्हणून स्टार्लींनी 1877 मध्ये दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल गिअर बसवला. आज मोटारीत असतो तोही त्याच तत्त्वावर चालतो. पुढे एक चाक, मागे एक चाक आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक सीट ही छायाचित्रातली रचना मात्र अमेरिकेत 1890 च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथल्या पनेट कंपनीची ‘कंपॅनियन’ हा तिचा सर्वांत ओळखीचा नमुना. हवेचे टायर, बॉल बेअरिंग आणि चेन या तिन्ही गोष्टी तोवर रुळल्या होत्या म्हणून ती शक्य झाली.

आता तोल. सगळ्यांना याचीच धास्ती वाटते आणि प्रत्यक्षात यातच सर्वांत कमी अडचण आहे. दोघांचं आणि सायकलचं मिळून जे गुरुत्वमध्य होतं, ते दोन्ही टायर जमिनीला टेकतात त्या रेषेच्या बरोबर वर आलं की काम झालं. दोन सीटमध्ये 52 सेंमी अंतर धरा, म्हणजे प्रत्येक सीट मध्यरेषेपासून 26 सेंमी. सायकलचं वजन 30 किलो धरा. 80 आणि 55 किलोची माणसं बसली, तर गुरुत्वमध्य जड माणसाकडे 26 × 25 ÷ 165, म्हणजे जेमतेम 4 सेंमी सरकतं. ते जमिनीपासून साधारण 105 सेंमी उंच असतं. म्हणून सायकल हलक्या माणसाच्या बाजूला सुमारे 2 अंश झुकून सरळ जाते. जड माणसाची सीट दुसऱ्यापेक्षा 2 सेंमी वर राहते, एवढाच फरक. पहिल्या शंभर मीटरनंतर तो जाणवतही नाही.

डुलण्याचंही तेच. माणसं बाजूला बसल्यामुळे आडव्या डुलण्याला होणारा विरोध एकामागे एक बसण्यापेक्षा 6 टक्क्यांच्या आसपासच वाढतो, कारण मुख्य हिस्सा जमिनीपासूनच्या उंचीचा असतो. हँडलने तोल सावरण्याची सवय जशीच्या तशी उपयोगी पडते.

हलका-जड फरक मिटवायला काही जण जड माणसाची सीट मध्याकडे सरकवायची सोय करतात. हिशोबाने ती 8 सेंमी सरकवावी लागेल. पण पायडल तर जागेवरच राहणार, म्हणजे कंबर एकीकडे आणि पाय दुसरीकडे. गुडघे दुखायला लागतात. 2 अंश झुकू द्यावं, ते बरं.

खरी अडचण तोलाची नाही, पिळाची आहे. दुसरी अडचण जमिनीला घासणाऱ्या पायडलची. दोन लेडीज सायकली पट्ट्या मारून जोडणारे बहुतेक जण या दोन ठिकाणी फसतात.

साध्या सायकलीत माणसाचं वजन चाकांच्या प्रतलातच खाली उतरतं. इथे 70 किलोचा माणूस मध्यरेषेपासून 26 सेंमी दूर बसतो. त्यामुळे आडव्या नळीवर जवळजवळ 180 न्यूटन-मीटरचा वाकवणारा मोमेंट येतो, तोही सायकल उभी असताना. फर्निचरच्या दुकानात मिळणारी एक इंची 16 गेजची पाइप घेतली, तर तिच्यावरचा ताण 265 मेगापास्कलच्या पुढे जातो. साध्या ईआरडब्ल्यू (शिवण वेल्ड केलेल्या) पाइपची यील्ड स्ट्रेंथ, म्हणजे ज्या ताणाला ती कायमची वाकते तो, 210 ते 240 असते. म्हणजे ती पाइप नुसतं बसल्यावरच वाकणार, खड्ड्यापर्यंत जायचीही गरज नाही. दीड इंची 14 गेज, म्हणजे 38 मिमी बाहेरचा व्यास आणि 2 मिमी जाडीची नळी घेतली, की हाच ताण 92 वर येतो. खड्ड्यात वजन अडीचपट झालं तर 230, म्हणजे पुन्हा काठावर. म्हणून असे आडवे बीम दोन हवेत: एक सीटखाली मागे, एक पुढे हँडलच्या उंचीवर. भार वाटला की 115 च्या आसपास राहतो आणि वेल्डिंगलाही थोडी सवलत मिळते.

बीम कुठे घालायचे यावर बरंच अवलंबून आहे. मागचा बीम सीटच्या नळीला लागूनच घातला, तर आतल्या पायाची मांडी प्रत्येक फेरीला त्यावर घासते. तो सीट-नळीच्या 7 ते 8 सेंमी मागे घ्या. पुढचा बीम गुडघ्यांच्या पुढे, हेड-नळीच्या वरच्या अंगाला. खाली बीबीच्या उंचीवर, म्हणजे क्रँकच्या आसाजवळ, तिसरा बीम घालायचा मोह होतो, पण तिथे तो बसतच नाही. आतला क्रँक त्याच्या फेऱ्यात येणाऱ्या प्रत्येक आडव्या नळीवर आपटतो. म्हणून बाजूचा बीबी वरून टांगलेला असतो: मागच्या बीमवरून उतरणारी सीट-नळी आणि पुढच्या बीमवरून उतरणारी डाउन-नळी बीबीशी व्ही आकारात मिळतात. बीबी आडवा डुलू नये म्हणून तिथून मागे एक नळी काढायची. ती त्या माणसाच्या दोन पायांमधून 35 सेंमी सरळ मागे जाते, मग आत वळून मागच्या चाकाच्या ड्रॉपआउटला, म्हणजे आस अडकतो त्या खाचेच्या पट्टीला, मिळते. ती आधीच वळवली तर आतल्या पायाची टाच तिच्यावर आपटते. या वळणाला जागा मिळावी म्हणून मागचं चाक बीबीपासून नेहमीच्या 48 ऐवजी 55 सेंमीवर ठेवा.

मधला सांगाडा म्हणून डबल बारची जेंट्स फ्रेम घ्या. लेडीज फ्रेम कापून त्यांच्या नळ्या बाजूच्या भागांना वापरता येतील. पण मधला कणा लेडीज फ्रेमचा करू नका. वरची नळी नसल्याने हेड आणि सीट-नळी एकमेकींच्या तुलनेत पिळल्या जातात. जुन्या फ्रेमच्या नळ्या पातळ असतात आणि त्यांचे सांधे लग (नळीवर बसणारी बाही) घालून ब्रेझिंग केलेले, म्हणजे वितळलेल्या पितळाने जोडलेले असतात. तिथे आर्क वेल्डिंगची काडी लावली की भोक पडतं, किंवा भोक न पडता सांध्याशेजारची नळी कडक होऊन पुढे तिथेच चिरते. बीम फ्रेमच्या नळीला टोकाने चिकटवू नका. नळीला अर्धा विळखा घालणारी 3 मिमीची पत्रा-पट्टी आधी ब्रेझिंगने बसवा आणि बीम त्या पट्टीला टिग किंवा मिग वेल्डिंगने जोडा. सगळं आधी टॅक करा, म्हणजे ठिपक्याठिपक्याने तात्पुरतं वेल्ड. मागच्या ड्रॉपआउटपासून हेड-नळीला वळसा घालून परत दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरी ताणा. सीट-नळीपासून दोन्हीकडचं अंतर 1 मिमीच्या आत सारखं आलं, की मगच पक्कं वेल्ड. वेल्डही एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एक बाजू संपवून दुसरी घेतली तर फ्रेम केळ्यासारखी वळते.

दोघांचा जोर एकाच चाकापर्यंत न्यायचा कसा? जोर लावून पायडल मारलं की क्रँकवर 130 न्यूटन-मीटरच्या घरात टॉर्क येतो आणि 44 दातांच्या चेनव्हीलवर चेन जवळजवळ 150 किलोच्या ओढीने ताणली जाते. ही ओढ मध्यरेषेपासून 26 सेंमी दूर असेल, तर मागचं सगळं अंग एका बाजूला खेचलं जातं. साध्या सायकलीत हे अंतर साडेचार सेंमी असतं, म्हणून तिथे कोणी याचा विचार करत नाही.

एक मार्ग म्हणजे मागचा आसच लांब आणि फिरता करायचा. मधोमध चाक घट्ट बसवायचं आणि प्रत्येकाची चेन आपापल्या बाजूला आसावरच्या फ्रीव्हीलवर आणायची. दिसायला हे ऐटदार दिसतं. पण मागच्या चाकावर 108 किलो भार येतो आणि बेअरिंग दोन टोकांना 52 सेंमी अंतरावर असतील, तर 20 मिमीच्या आसावर 175 मेगापास्कलचा ताण पडतो, आणि आस फिरत असल्यामुळे तो दर फेरीला उलटसुलट होतो. असा आस थकून, लेथवर जिथे पायरी काढली तिथे तुटतो. चाकाला लागून दोन्हीकडे 7 सेंमीवर आणखी दोन बेअरिंग घातली, तर हाच ताण पन्नासच्या खाली येतो. हा मार्ग घ्यायचाच असेल तर चार बेअरिंगांना पर्याय नाही. आणखी एक फसगत: डाव्या माणसाचं चेनव्हील ‘सममिती’ म्हणून त्याच्या डाव्या अंगाला घेतलं, तर नेहमीचं फ्रीव्हील उलटं बसतं. पुढे पायडल मारताना ते मोकळं फिरतं आणि मागे मारताना पकडतं. दोघांची चेनव्हील आपापल्या उजव्या अंगालाच ठेवा, म्हणजे बाजारातली साधी फ्रीव्हील चालतात. त्यांच्यासाठी आसावर 1.37 इंच, 24 आट्यांचा बीएसए थ्रेड कापलेला बॉस लागेल.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: दोघांचे क्रँक एकाच आडव्या शाफ्टवर, मध्याजवळ एकच चेनव्हील आणि मागे साधं हब. चेन एक, फ्रीव्हील एक, चाक नेहमीचं. लेथचं काम मात्र नीट व्हायला हवं. शाफ्ट सलग करता येत नाही, कारण आतले क्रँक त्यावर चढणारच नाहीत. तीन तुकडे करा. बाजूचे दोन तुकडे ईएन19 या मजबूत पोलादाचे: मध्ये बेअरिंगसाठी 20 मिमी, दोन्हीकडे कॉटर पिनच्या क्रँकसाठी 16 मिमी, आणि आतल्या बाजूला 16 मिमीचं 35 मिमी लांब टोक. मधला तुकडा 20 मिमीचा. त्याच्या दोन्ही तोंडांना 28 मिमी व्यासाचे स्लीव्ह, त्यांत 5 मिमीची चावी आणि वरून ग्रब स्क्रू. बेअरिंग 6004, दोन्ही बाजूंनी सील असलेली: प्रत्येक बाजूच्या शेलमध्ये दोन, मध्ये दोन. शेल टॅक करण्याआधी 20 मिमीचा सरळ ब्राइट बार सगळ्या बेअरिंगांतून आरपार घाला. तो दोन बोटांनी फिरला, तरच वेल्डिंगला हात घाला. पुढे कधी शाफ्ट जड फिरायला लागला तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

क्रँक कोणत्या कोनात बसवायचे याला फार महत्त्व आहे. दोघांचे उजवे पाय एकदम खाली आणि मग दोघांचे डावे, असं बसवलं तर सायकल प्रत्येक फेरीला उजवीकडे-डावीकडे हेलकावते आणि चालवणाऱ्याला हँडलने झगडावं लागतं. आरशातल्यासारखं बसवा: दोघांचे आतले पाय एकदम, मग दोघांचे बाहेरचे एकदम. दोन्हीकडचे धक्के एकमेकांना मारतात. म्हणून चाव्यांचे गाळे पाडतानाच लेथवाल्याला हे चित्र काढून द्या, नंतर दुरुस्ती नाही.

गिअर हलका ठेवा. आपल्या साध्या सायकलीत 44 ला 18 असतं, म्हणजे पुढे 44 दात, मागे 18. इथे 44 ला 22 घ्या, म्हणजे बरोबर दोनपट. 28 × 1½ टायरच्या चाकाचा घेर 2.23 मीटर, मिनिटाला 60 फेऱ्या, म्हणजे ताशी 16 किमी. 55 सेंमी अंतराला 120 कड्यांची चेन लागते. बाजारातली साधारण 112 ची येते, आणखी 8 कड्या जोडा. वेगाची हौस ठेवू नका. दोघं शेजारी बसले की वारा दोघांनाही पुरा लागतो. ताशी 15 ला दोघांना मिळून 110 वॅटच्या आसपास लागतील, ताशी 25 ला 340. टँडमवर मागचा माणूस पुढच्याच्या आडोशाला असतो, इथे आडोसा नाही.

आता पायडल जमिनीला घासण्याचं. बाहेरच्या पायडलचं टोक मध्यरेषेपासून 46 सेंमी दूर असतं. बीबी 28 सेंमी उंच आणि क्रँक 170 मिमी असेल, तर खाली गेलेलं पायडल जमिनीपासून साडेनऊ सेंमीवर राहतं. सायकल 11 ते 12 अंश कलली की ते टेकतं. साध्या सायकलीला हीच मुभा 26 अंशांपर्यंत असते. ताशी 15 किमी वेगाने, पायडल मारत, साडेआठ मीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण घेतलंत तर पायडल जमिनीत रुतलं म्हणून समजा. हलक्या माणसाच्या बाजूला 2 अंश आधीच खर्च झालेले असतात, तिकडे 10 मीटर धरा. उपाय दोन. बीबी 32 सेंमीवर घ्या, म्हणजे मुभा 16 अंश होते. आणि वळणावर पायडल थांबवून चारही क्रँक आडवे धरा. फ्रीव्हील असल्यामुळे आपल्याला हे जमतं. 1890 च्या दशकातल्या मूळ सायकलींना फ्रीव्हील नव्हतं, चाक फिरतं तोवर पायडल फिरतच राहणार. म्हणून त्या चालवणाऱ्याला वळणाआधीच वेग मारावा लागे.

हँडल एकाच्याच ताब्यात द्या. दोघांना चालतं हँडल दिलं की वळणावर एक जण खेचतो, दुसरा अडवतो. दुसऱ्यासाठी पुढच्या बीमवर पक्कं बसवलेलं हँडल हवं, ते फक्त धरायला. आपल्याकडे रहदारी डावीकडून, म्हणून चालवणारा उजव्या सीटवर: त्याला पुढची गाडी आणि मागून ओव्हरटेक करणारा दोन्ही दिसतात, आणि शेजारचा फुटपाथच्या बाजूला उतरतो. चालवणारा फोर्कच्या रेषेपासून 26 सेंमी बाजूला बसतो. मधल्या स्टेमलाच लांब आडवी दांडी जोडली, तर वळवताना त्याच्या उजव्या मुठीला दीड वीत पुढेमागे जावं लागतं. त्यापेक्षा त्याच्यासमोर वेगळा हेड-सेट बसवा आणि दोन्हीकडे 80 मिमीच्या सारख्या भुजा देऊन मध्ये टाय-रॉड घाला. दोन्ही टोकांना एम8 रॉड-एंड आणि लॉकनट. इथे सुतभर ढिलाई राहिली तरी उतारावर पुढचं चाक फडफडतं.

चाकांबद्दल फार सांगत नाही. जुनं रूप हवं असेल तर 28 इंची वेस्टवूड रिम, मागे 40 स्पोक, पण 14 ऐवजी 13 गेजचे. पहिल्या 50 किमीनंतर आउट काढून घ्या, नाहीतर चेनच्या बाजूचे स्पोक हबच्या कडेशी एकेक करून तुटायला लागतील. रूपाचा आग्रह नसेल तर 26 इंची चाक आणि 2 इंच रुंद टायर जास्त टिकाऊ. ब्रेकबाबत मात्र तडजोड नको. 180 किलो भार रॉड-ब्रेकच्या रबरांवर थांबत नाही, पावसात तर मुळीच नाही. मागे डिस्क किंवा ड्रम, पुढे व्ही-ब्रेक, दोन्ही लिव्हर चालवणाऱ्याच्याच हातात.

बसायची रीत ठरलेली असावी. सीट नेहमीपेक्षा 4 ते 5 सेंमी खाली ठेवा, म्हणजे बसल्या जागी बाहेरचा पाय जमिनीला टेकतो. दोघं आपापल्या बाजूला उभे राहतात. आतली पायडलं वरून थोडी पुढे आणायची. आरशासारखे क्रँक असल्यामुळे दोघांची एकदमच वर येतात. आतले पाय पायडलवर, बाहेरचे जमिनीवर. चालवणारा ‘एक, दोन, चल’ म्हणतो आणि ‘चल’ला दोघं एकदम दाबतात. थांबताना उलटं: ब्रेक, वेग चालण्याइतका झाला की ‘पाय’ म्हणायचं आणि दोघांनी बाहेरचा पाय टेकायचा. सर्वांत वाईट पडझड होते ती एकानं न सांगता उतरल्यावर. 70 किलोचा माणूस एकटा राहिला की गुरुत्वमध्य क्षणात 18 सेंमी सरकतं. ते सावरायला सायकल रिकाम्या बाजूला 10 अंश कलायला हवी, तेवढा वेळ कुणालाच मिळत नाही. चालत्या सायकलवर एकट्याने हे 10 अंश सांभाळत जाता येतं. पण मग रिकाम्या बाजूचं पायडल जवळपास जमिनीवरच असतं, त्या बाजूला वळायची सोय उरत नाही.

पहिले दोन आठवडे मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात चालवा. हँडलपाशी रुंदी मीटरभराच्या पुढे जाते. खांब रोवलेल्या सायकल ट्रॅकवर ती शिरणार नाही.

सुरुवातीला जे ढिलं होतं ते ठरलेलं आहे. कॉटर पिन पहिल्या 10 किमीत बसते, म्हणून ती पुन्हा ठोकून मग नट आवळायचा. नुसता नट आवळून पिन ओढू पाहिलंत तर आटे जातात. आतल्या क्रँकची पिन सहज दिसत नाही, म्हणून तीच आधी तपासा. पायडल मारताना ‘टक्’ असा आवाज दर फेरीला एकदा आला तर पिन, दोनदा आला तर स्लीव्हमधली चावी. जोर लावल्यावरच चेन उतरत असेल, तर चेन लांबली म्हणून कापत बसू नका. मागचा भाग पिळतोय, वळणदार मागच्या नळ्यांचा सांधा बघा.

मूळची जुनी मिळाल्यास ओळख सोपी आहे. रिम लाकडी. टायर एकजीव नळीचा, म्हणजे आत वेगळी ट्यूब नाही, रिमला डिंकाने चिकटवलेला. चेन एक इंच पिचची, म्हणून चेनव्हीलवरचे दात नेहमीपेक्षा दुप्पट अंतरावर. फ्रीव्हील नाही, रॉड-ब्रेक नाही. सांध्यांवर ब्रेझिंगची गुळगुळीत पितळी कड, वेल्डिंगच्या माळा नाहीत. याउलट बीबीचा शेल 68 मिमी, चेन अर्धा इंची, मागे 40 आणि पुढे 32 स्पोक असतील, तर ती ब्रिटिश नमुन्याच्या दोन सायकली जोडून नंतर केलेली आहे. ती वाईट नव्हे, पण तिची किंमत वेगळी. अस्सल ब्रेझिंग आणि पुढे आलेल्या रोडस्टरमधला फरक डोळ्यांत भरवायचा असेल, तर पुण्यात कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय एकदा पाहून घ्या.

अस्सल सायकलीवर सँडब्लास्टिंग करू नका. निकेलचा पातळ मुलामा जातो आणि सांध्यातलं पितळ उघडं पडतं. बेअरिंग रॉकेलमध्ये धुवा आणि छर्रे सगळे एकदम बदला. जुन्यांत नवे मिसळले तर भार फक्त मोठ्या छर्ऱ्यांवर येतो. थ्रेड बीएसएचा असेल असं धरून टॅप मारू नका. त्या काळच्या अमेरिकी कारखान्यांचे थ्रेड वेगवेगळे होते, आधी पिच-गेज लावा. लाकडी रिम आजही बनतात, इटलीत घिसालो नावाने ते काम चालू आहे. त्यामुळे मूळ रिम भिंतीवर ठेवून फिरायला वेगळी चाकं करणं परवडतं.

आणि कोणी बसण्याआधी आडव्या नळ्यांचे सगळे सांधे तपासा. सांध्यावर रॉकेल चोपडा, दहा मिनिटं थांबा, फडक्याने कोरडं पुसा आणि वर खडूची पूड घासा. मग आडव्या नळीवर हाताने दाब द्या. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ उमटते. ती बहुतेक वेळा नळीच्या वरच्या अंगाला सापडते, कारण वजनाने वाकताना तिथे नळी ताणली जाते, पण खालचं अंगही आरसा धरून बघा.